तीन पायऱ्या

नमस्कार श्रोतेहो. माझा दादा खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावाहून महिन्यातून एकदा तरी बेळगावला येतो. स्लॅबवरून पडून त्याचे पाय गेले, त्याला नऊ वर्षं झाली. कधी दवाखाना, कधी पेन्शनचं काम, कधी नुसतं गणपत गल्लीत फिरून यायचं म्हणून. थांब्यापर्यंत चाकाची खुर्ची तो स्वतःच ढकलत येतो. अडतं ते बस आल्यावर.

बस थांब्यापासून चार पावलं पुढं, रस्त्यातच थांबते. दारात तीन पायऱ्या, पहिलीच गुडघ्याएवढी. मग कुणी काखेत हात घालतं, कुणी पाय धरतं. "धरा, धरा, डोकं सांभाळा!" वर नेईपर्यंत दादाचा शर्ट पोटावर सरकलेला असतो आणि तो खाली ओढायला त्याचे हात मोकळे नसतात. माणसं मायेनं उचलतात, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तेवढा वेळ दादा कुणाकडंच बघत नाही, आणि ते मला बघवत नाही.

खुर्ची जाते टपावर. एकदा उतरवताना तिचं पुढचं चाक वाकलं आणि सगळा दिवस स्टँडवर बसून काढावा लागला.

2016 चा दिव्यांग हक्क कायदा प्रवासाची सोय हा हक्क मानतो. त्यापुढं केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली. 1 मार्च 2020 पासून बसमध्ये राखीव आसनं, कुबड्या-काठ्या अडकवायची जागा, धरायला दांडे, आणि व्हीलचेअर आत घेऊन पक्की बांधायची सोय हवी, असं ठरलं. गाडीचं फिटनेस तपासताना हे बघायचं असतं. नियम केंद्राचा आहे. चंदगड-कोल्हापूरहून येणाऱ्या एसटीला तोच, आपल्या कर्नाटकाच्या बसला तोच. पाटी मराठी असो की कन्नड, पायरी दोन्हीकडं तेवढीच उंच आहे.

2023 च्या जूनपासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत बायकांचं तिकीट माफ झालं, फार चांगलं झालं. पण आमच्या गल्लीतल्या, लहानपणी पोलिओ झालेल्या मावशींना त्या फुकट तिकिटाचा उपयोग काय? त्यांना बसमध्ये चढताच येत नाही.

आणि खुर्चीसकट बसमध्ये चढणं जमतं, तेही लांब नाही, हुबळी-धारवाडला. तिथल्या ‘चिगरी’ नावाच्या शहरी बसला थांब्याचा ओटा आणि बसचा तळ एका पातळीत आहेत. गेल्या वर्षी दादा ओट्यावरून सरळ आत गेला, ब्रेक लावला आणि खिडकीतून बाहेर बघत बसला. मी मागं नुसती उभी होते.

आमच्याकडच्या खड्ड्यांत कमी उंचीच्या तळाची, म्हणजे लो-फ्लोअर गाडी घासेल, हे मलाही कळतं. म्हणून सगळ्या गाड्या उद्याच बदला, असं मी म्हणत नाही. शहरातल्या मार्गांवर लो-फ्लोअर गाड्या आणा. खानापूर, निपाणी, चिकोडी अशा प्रत्येक मार्गावर खुर्ची वर उचलून घेणाऱ्या लिफ्टच्या गाडीची दिवसातून एक तरी फेरी ठेवा, आणि तिची वेळ स्टँडवर मराठी-कन्नडात लिहा. आज ना उद्या गाडी येईल, अशा भरवशावर खुर्चीतला माणूस घराबाहेर पडत नाही. त्याला वेळ माहीत लागते. चालकांनी गाडी ओट्याला लावून उभी करावी. त्याला तर पैसाही लागत नाही.

तोवर उचलावं तर लागणारच. तेव्हा आधी त्यालाच विचारा, "कुठं धरू?" खुर्ची उचलताना हाताच्या दांडीला किंवा पाय ठेवायच्या पट्टीला धरू नका, ती निघून येते. खालच्या लोखंडी सांगाड्याला धरा. आणि खुर्ची टपावर टाकू नका, आत, त्याच्या नजरेसमोर ठेवा.