पाना शोधण्यात गेलेली 40 मिनिटं

(सकाळ. विद्यापीठाचा परिसर.)

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. जयकर ग्रंथालयाबाहेर दोन मैत्रिणी वही उघडून बसल्यात. एकीचा प्रश्न: फर्ग्युसन रस्त्यावरच्या एका टपरीवर दिवसाला किती कप चहा खपत असेल?

कन्सल्टिंगच्या, म्हणजे कंपन्यांना सल्ला देण्याच्या कामाच्या, मुलाखतीत असे प्रश्न येतात. आकडा थोडा चुकला तरी चालतो, पण तो काढला कसा हे नीट सांगता यावं लागतं. टपरी किती तास उघडी? गर्दी कधी? एका पातेल्यात किती कप? वहीत बघा, मोठ्या प्रश्नाला दुसरी फांद्या फोडत चाललीय. एक फांदी दुसरीवर चढायची नाही, आणि काही सुटायचंही नाही. या धंद्याची अर्धी मदार या सवयीवर आहे.

(संध्याकाळ. टपरी.)

तिचा अंदाज निघाला 600 कप. मग ती सरळ टपरीवर जाऊन बसली. प्रत्येक कपाला एक रेघ, पाचवी आडवी. दोन तासांत 140. शेवटी काकांनाच विचारलं. ते म्हणाले, "कप कोण मोजतंय ताई? दूध किती लागतं ते विचार."

तिने तिथेच पान उलटलं. सगळ्या फांद्यांचं काम दुधाच्या एका हिशोबात होत होतं.

(जुनी इमारत, डेक्कन.)

हा व्यवसाय आपल्याकडे परका वाटतो. 1926 मध्ये शिकागोत हिशेबशास्त्राचे प्राध्यापक जेम्स मॅकिन्झी यांनी सल्ला देणारी पेढी काढली, तिचं नाव आज सगळ्यांना माहीत आहे. पण आधी जाऊन बघायचं, मोजायचं आणि मगच बोलायचं, हे पुण्याला जुनं आहे. गोखले अर्थशास्त्र संस्था 1930 ची. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांच्या देखरेखीखाली त्याच दशकात या शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी झाली. घरोघरी जाऊन माहिती विचारणारे तपासनीस याच पेठांमधून फिरले.

तरीही मराठी माध्यमातली मुलं या वाटेला जायला कचरतात. हे काम झकपक इंग्रजीचं, असं त्यांच्या मनात पक्कं बसलेलं असतं. मोठ्या कंपन्या ठरावीक कॉलेजांतून मुलं घेतात, हेही खरं. ही मुलगी लहान सल्लागार कंपनीत लागली.

(भोसरी एमआयडीसी. प्रेस शॉप.)

तिचं पहिलं काम. मालकांचा प्रश्न होता, आणखी एक प्रेस, म्हणजे पत्रा दाबून आकार देणारं मशीन, घ्यावा का? उत्तर द्यायच्या आधी ती स्टॉपवॉच घेऊन मशीनपाशी उभी राहिली. डाय, म्हणजे मशीनमधला साचा, बदलायला लागला 1 तास 50 मिनिटं. त्यातली 40 मिनिटं गेली पाना आणि बरोबर लांबीचे बोल्ट शोधण्यात.

डाय बसवणारे सेटर मामा सुरुवातीला बोलेचनात. घड्याळ घेऊन कुणी शेजारी उभं राहिलं की कामगाराच्या पोटात गोळा येतो, आणि तो उगाच येत नाही. तिने घड्याळ पर्समध्ये टाकलं, बोल्टचा डबा पुढे ओढला आणि विचारलं, "मामा, यातले रोजचे कुठले?"

(मामांचा हात. तिच्या तळहातावर चार बोल्ट. इथे निवेदन नाही, फक्त प्रेसचा आवाज.)

जपानमध्ये अभियंते शिगेओ शिंगो यांनी डाय बदलायचा वेळ 10 मिनिटांच्या आत आणायची पद्धत मांडली. तिचं मूळ साधं आहे: मशीन चालू असताना जी तयारी करता येते, ती मशीन बंद करून करायची नाही. पाना, बोल्ट, पुढची डाय, सगळं आधीच हाताशी. तिने हे मामांना मराठीत सांगितलं. मामांनी खडू घेतला आणि फरशीवर ट्रॉली काढून दाखवली: उंची कंबरेएवढी, खण चार, पाना उजव्या हाताला. तिच्या अहवालातलं तिसरं पान म्हणजे हेच चित्र.

नव्या प्रेसचा विचार मालकांनी पुढे ढकलला. तिचं म्हणाल तर जागरणं झाली, मोठ्या दोन कंपन्यांचे नकारही आले.

(सहा आठवड्यांनंतर. तेच प्रेस शॉप.)

ही ट्रॉली. चार खण, आणि प्रत्येकावर मार्करने बोल्टची लांबी लिहिलेली. अक्षर मामांचं.