बहाव्याचा मांडव

श्रोतेहो, नमस्कार.

फेब्रुवारी-मार्चकडे ठाण्याहून ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेने मुंबईकडे निघालात, की विक्रोळीपाशी बसमधल्या सगळ्यांच्या माना एकाच बाजूला वळतात. रस्त्याकडेची ती गुलाबी झाडं! माझ्या भाचीने तिथला फोटो काढला आणि घरी येऊन जाहीर केलं, "मावशी, माझ्या लग्नात हेच हवं. चेरी ब्लॉसम."

आता ती चेरी नव्हे. तो टॅबेबुया, मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेकडचा. चेरीला कडाक्याची थंडी लागते, आपल्या ठाण्यात ती कशाला फुलतेय! आणि लग्न होतं एप्रिलअखेर. मी म्हटलं, अगं, आपला वसंत आपल्याकडे बघून ठरव. होळीच्या आसपास येऊरच्या बाजूला पळस पेटतो, काटेसावर आणि पांगारा लालभडक होतात, आणि ऊन तापायला लागलं की बहावा. सोन्याची झुंबरं टांगल्यासारखा. मांडवाला टांगायचंच आहे, तर जे झाडालाच टांगलेलं असतं तेच करूया ना.

पोरीला पटलं. तिच्या आईला पटायला दोन दिवस लागले, कारण ताईला प्लास्टिकची तयार फुलं भाड्याने आणायची होती. भाड्याची फुलं! हल्ली रुखवतसुद्धा भाड्याने मिळतं म्हणे. लग्न झालं की दुसऱ्या दिवशी तेच रुखवत कळव्याला दुसऱ्या कोणाच्या तरी लग्नात. असो, त्यावर मी बोलायला लागले तर वेळ संपेल.

तर बहाव्याचा घोस. साहित्य थोडंच लागतं. पिवळा क्रेप कागद, हिरवी सुतळी आणि मैद्याची खळ. खळीत चिमूटभर मोरचूद टाका, नाहीतर झुरळं फुलं खातात. मोरचूद विषारी असतं, तेव्हा ते भांडं पुन्हा स्वयंपाकाला नको आणि मुलांच्या हाताला तर नकोच. घरी लग्न असलं की कागद घाऊक घ्यावा लागतो, म्हणून आम्ही मशीद बंदरला उतरून अब्दुल रहमान स्ट्रीट गाठली.

पाकळी कापताना एकच गोष्ट लक्षात ठेवा. कागदाच्या सुरकुत्या उभ्या हव्यात. देठाकडून टोकाकडे. पुन्हा सांगते, सुरकुत्या उभ्या. म्हणजे दोन्ही अंगठ्यांनी पाकळी मधोमध आडवी ताणली की ती वाटीसारखी फुगते. सुरकुत्या आडव्या ठेवल्यात तर ती फुगत नाही, आणि ओढायला गेलात तर फाटते. अशा पाच पाकळ्यांचं एक फूल. दोन फुटांच्या सुतळीवर वर उमललेली बारा फुलं आणि खाली नुसत्या कळ्या, कागदाच्या वळलेल्या गोळ्या. बहावा वरून खाली उमलत जातो, म्हणून कळ्या खाली. हे चुकलं की बघणाऱ्याला काहीतरी खटकतं, पण काय ते सांगता येत नाही.

आम्हाला चाळीस घोस करायचे होते. हिशेब करा, चारशे ऐंशी फुलं आणि दोन हजार चारशे पाकळ्या. नौपाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांत महिनाभर पिवळा कागद. शेजारच्या अम्मा रोज दुपारी यायच्या. त्या मूळच्या केरळातल्या त्रिशूरच्या. पहिला घोस बघून म्हणाल्या, "हे तर आमचं कणिकोन्ना! विषूच्या, म्हणजे आमच्या नव्या वर्षाच्या पहाटे आम्ही उठून आधी हेच बघतो." मग काय, विषूचे दोन घोस त्यांच्या देवापुढे गेले आणि आमचा आकडा बेचाळीसवर गेला.

आता लग्नाचा दिवस. हे मी दर वर्षी कोणाला ना कोणाला सांगते, तुम्हालाही सांगते.

घोडबंदर रोडकडचं एक लॉन. गोरज मुहूर्त. लॉनवाल्यांचाच डेकोरेटर घ्यायचा अशी त्यांची अट होती, तरी भांडून आम्ही मांडवाच्या वरच्या पट्टीवर आमचे चाळीस घोस लावले. नवरानवरी उभी राहणार त्याच्या बरोबर वर. संध्याकाळच्या उन्हात ते घोस असे झळकत होते की नेरूळहून आलेले व्याही आधी वर बघत उभे राहिले आणि नमस्कार करायचे विसरले.

उकाडा मात्र जीव घेत होता. मंगलाष्टकं सुरू झाली आणि लॉनवरच्या एका पोऱ्याला पाहुण्यांची दया आली. त्याने मांडवाशेजारचे ते मोठे पंखे लावले. पाण्याचे तुषार उडवणारे. सगळे "हाऽऽ" म्हणाले, मीही म्हणाले. तिसऱ्या मंगलाष्टकेला आंतरपाटावर, कुंकवाच्या स्वस्तिकाच्या शेजारी, टप्प करून एक पिवळा थेंब पडला.

मग दुसरा. मग चार.

मी वर बघितलं. कळ्यांच्या टोकांना पिवळे थेंब लोंबत होते, एकेका घोसाखाली पाच-सहा. आंतरपाट धरणारे दोघे मामा अजिबात हलले नाहीत, कारण गुरुजींनी त्यांना बजावलं होतं, काही झालं तरी पाट खाली जाता कामा नये. गुरुजींनी एकदा वर बघितलं, एकदा पाटाकडे, आणि "सावधान" असं काही जोरात म्हणाले की मागची मुलं दचकली. व्याह्यांच्या पांढऱ्या झब्ब्याच्या खांद्यावर पिवळं. नवऱ्याच्या फेट्यावर पिवळं. नवऱ्याची आत्या माझ्या कानाशी येऊन विचारते, "हळद सकाळीच लागली होती ना हो?"

मी पंख्यांकडे धावले. साडीत पाय अडकला, पण पोचले. पोऱ्या म्हणतो, "मॅडम, गरम होतंय ना सगळ्यांना." मी बटण बंद केलं, तोवर इकडे अक्षता पडल्यासुद्धा. अंगावर चिकटून राहिलेल्या, पिवळ्या अक्षता.

आणि मग आमचे आजोबा, वय वर्षं अठ्ठ्याऐंशी, पहिल्या रांगेतल्या खुर्चीतून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बहावा फुलला की पंचेचाळीस दिवसांनी पाऊस, असं ऐकलं होतं. तुमचा बराच लवकर आला!" आधी व्याही हसले. ते हसले म्हणून मग सगळा मांडव हसला. ताई तेवढी माझ्याशी जेवणापर्यंत बोलली नाही.

तेव्हा श्रोतेहो, क्रेप कागद घेताना दुकानातच बोट ओलं करून कोपऱ्यावर घासा. बोटाला रंग लागला तर तो कागद परत द्या, दुकानदार कितीही कुरकुरला तरी. पुन्हा सांगते, ओलं बोट, कोपरा, आणि मगच पैसे. आणि तुषारवाले पंखे कुठे आहेत ते आदल्या दिवशी जाऊन बघून या. थर्मोकोल वापरू का, असं कोणी विचारत असेल तर नको. सजावटीच्या थर्मोकोलवर आपल्या राज्यात 2018 पासून बंदी आहे, आणि तो दिसतोही गणपतीच्या उरलेल्या मखरासारखा.

तो आंतरपाट ताईने दोनदा धुतला. कुंकू गेलं, पिवळे डाग तेवढे राहिले. यंदा वैशाखात भाचीच्या दिराचं लग्न आहे. नेरूळहून निरोप आलाय, आंतरपाट तोच पाठवा, आणि कृपा करून आता धुऊ नका.

नमस्कार.