इंडोनेशिया : धर्म सगळ्यांचा, मतं कुणाची?

श्रोतेहो, नमस्कार.

मुसलमानबहुल देशात खुल्या निवडणुका घेतल्या, की धर्माचा झेंडा घेतलेला पक्षच निवडून येणार, हे आपल्याकडे बरेच जण धरूनच चालतात. मग इंडोनेशियाचं काय करायचं? तिथले दर १०० पैकी सुमारे ८७ लोक मुसलमान आहेत. लष्करशहा सुहार्तोंची ३२ वर्षांची राजवट संपल्यापासून सहा सार्वत्रिक निवडणुका झाल्या, आणि संसदेत एकदाही इस्लामी पक्ष पहिला आला नाही.

सुहार्तोंनी १९७३ मध्ये सगळे मुस्लिम पक्ष एकाच दावणीला बांधले. त्या मोळीला नाव दिलं ‘विकास ऐक्य पक्ष’. नावात धर्माचा पत्ताच नाही. निशाणी काबागृहाची होती. ऐंशीच्या दशकात तीही काढून घेतली आणि तिथे चांदणी आणून बसवली. २१ मे १९९८ रोजी, रुपियाची घसरण आणि विद्यार्थ्यांचं आंदोलन यांपुढे टेकीला येऊन, सुहार्तो पायउतार झाले. पुढच्याच वर्षी, ७ जूनला, ४८ पक्ष मैदानात. काबाही परतला.

तिथलं मतदान बघण्यासारखं असतं. मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नाही, खिळ्याने भोक पाडायचं. मग बोट शाईच्या बाटलीत बुडवायचं. मोजणी त्याच दिवशी, त्याच केंद्रावर, गावकऱ्यांसमोर होते. केंद्रप्रमुख एकेक मतपत्रिका उलगडून सर्वांना दाखवतो, भोक जागेवर असेल तर जमलेले लोक ओरडतात, ‘साह!’, म्हणजे वैध. भिंतीवरच्या मोठ्या कागदावर एक रेघ वाढते. आपल्या यंत्राला हा थाट नाही, एवढं कबूल करायला हरकत नाही.

त्या रेघांमधून १९९९ मध्ये मेगावती सुकार्णोपुत्रींच्या पक्षाला जवळपास ३४ टक्के मतं मिळाली. तरी राष्ट्राध्यक्ष झाले अब्दुररहमान वाहिद, कारण तेव्हा राष्ट्राध्यक्ष जनता थेट निवडत नसे, लोकप्रतिनिधींची सभा निवडत असे, आणि बाईने देश चालवणं अनेक मौलवींना पटत नव्हतं. वाहिद जवळजवळ अंध, थट्टेखोर, ‘नहदलतुल उलामा’ या प्रचंड संघटनेच्या संस्थापकांचे नातू. जुलै २००१ मध्ये त्यांना हटवलं आणि मेगावती आल्या. त्यांच्या उपाध्यक्षपदी कोण? विकास ऐक्य पक्षाचे हमझा हाझ, दोनच वर्षांपूर्वी बाई नको म्हणणाऱ्यांपैकी एक! खुर्ची समोर दिसली की फतव्याचीही धार बोथट होते.

खरी कसोटी लागली ती २००२ मध्ये. गोष्ट मुळात १९४५ ची. राज्यघटनेच्या मसुद्यात, मुसलमानांना शरियत पाळणं बंधनकारक, असा अर्थ सांगणारे सात शब्द होते. स्वातंत्र्याच्या दुसऱ्या दिवशी, १८ ऑगस्टला, ते गाळले गेले. पूर्वेकडच्या बिगरमुस्लिम भागांना सोबत ठेवायचं होतं. ते शब्द परत घालावेत, अशी मागणी इस्लामी पक्षांनी २००२ मध्ये केली. विरोध कुणी केला? नहदलतुल उलामाने आणि मुहम्मदियाने, म्हणजे देशातल्या दोन सर्वांत मोठ्या मुस्लिम संघटनांनी. त्यांच्या शाळा, इस्पितळं, मदरसे सगळं त्यांचंच आहे. एक संघटना चंद्र डोळ्यांनी बघून ईद ठरवते, दुसरी गणिताने. कधीकधी दोघींची ईद वेगळ्या दिवशी येते. मग सरकारने शरियत लादायची ठरवली, तर कुणाची? माझ्या मते या प्रश्नात त्यांच्या विरोधाचं निम्मं उत्तर आहे.

विद्यापीठांच्या नमाजखोल्यांतून वाढलेल्या पक्षाचंही असंच. १९९९ मध्ये त्याला १.४ टक्के मतं होती. नाव बदलून ‘समृद्ध न्याय पक्ष’ झाला, आणि स्वतःला ‘स्वच्छ आणि कनवाळू’ म्हणवत, २००४ मध्ये तो ७.३ टक्क्यांवर गेला. शरियतपेक्षा भ्रष्टाचारविरोध जास्त विकला गेला. २०१३ मध्ये त्याचाच अध्यक्ष गोमांस आयातीच्या लाचखोरीत पकडला गेला, तरी पक्ष टिकला आणि आजही आठ टक्क्यांच्या आसपास आहे.

मग धर्म राजकारणातून हद्दपार झाला का? मुळीच नाही. तो सगळ्याच पक्षांत झिरपला. दक्षिण सुलावेसीतल्या बुलुकुम्बा जिल्ह्यात २००३ मध्ये नियम निघाला : शाळकरी मुलांना आणि लग्नाला उभ्या राहणाऱ्या जोडप्याला कुराण वाचता आलंच पाहिजे. असे स्थानिक नियम देशभर निघाले. ते करणारे बरेचसे सत्ताधारी इस्लामी पक्षांचे नव्हतेच, धर्मनिरपेक्ष म्हणवणाऱ्या पक्षांचे होते. जिल्ह्यात निवडून यायचं तर स्थानिक मौलवी नाराज नको, एवढा साधा हिशेब.

वरच्या पातळीवरही तोच हिशेब. जकार्ताचे ख्रिस्ती, चिनी वंशाचे गव्हर्नर बासुकी पुर्नामा यांच्याविरुद्ध, ईशनिंदेच्या आरोपावरून, २ डिसेंबर २०१६ रोजी प्रचंड जमाव रस्त्यावर उतरला. ते निवडणूक हरले, तुरुंगात गेले. त्यांच्याविरुद्ध न्यायालयात साक्ष देणारे उलेमा परिषदेचे प्रमुख मारुफ अमीन यांनाच, २०१९ च्या निवडणुकीत तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो यांनी आपल्यासोबत उपाध्यक्षपदाला उभं केलं. बासुकी हे विडोडोंचे जुने सहकारी! दुसरीकडे त्याच सरकारने दोन कडव्या संघटनांवर बंदी घातली, २०१७ आणि २०२० मध्ये, तीही न्यायालयाची पायरी न चढता. बंदी घातलेल्यांबद्दल सहानुभूती नसली तरी ही रीत मला खटकते.

आणि तो काबाच्या निशाणीचा पक्ष? २०२४ मध्ये त्याला ३.८७ टक्के मतं पडली. संसदेत शिरायला तेव्हा चार टक्के लागत होते. सुहार्तोंच्या काळातही ज्याला जागा होती, तो मोकळ्या निवडणुकीत बाहेर राहिला.