पर्नाम्बुकोचे आराइस: माहितीपटाचं निवेदन

हा सगळा ऊस. ब्राझीलच्या ईशान्येला पर्नाम्बुको राज्य, तिथल्या किनारपट्टीत जिकडं बघाल तिकडं हाच. आणि ही काठी नीट बघा. मुकादम हिच्यानं रान मोजून द्यायचा, तेवढं उरकलं तर दिवस भरला, नाहीतर नाही. आता काठी मालकाची, मोजणारा मालकाचा, मग एका दिवसाच्या कामाला दोन दिवस लागले तर विचारणार कुणाला?

ह्या मोजणीला पुढं शिस्त लावणारे मिगेल आराइस काही मजुराच्या घरातले नव्हेत, जन्म 1916 चा, शेजारच्या सिआरा राज्यातला, शिक्षण वकिलीचं आणि नोकरी सरकारच्या साखर-अल्कोहोल संस्थेत, म्हणजे साखरेचा हिशोब माणसानं आतून बघितलेला. आधी राजधानी रेसिफेचे महापौर, मग 1962 ला निवडून येऊन गव्हर्नर, म्हणजे राज्याचे प्रमुख. 1963 ला ऊसमजुरांचा मोठा संप झाला तेव्हा ह्यांनी काय केलं तर कारखानदार आणि युनियनवाले दोघांना समोरासमोर बसवलं आणि करार करायला लावला, भांगलणी असो नाहीतर तोडणी, किती काम झालं की एक दिवस धरायचा ह्याचा चक्क तक्ताच ठरला. किमान वेतन कायद्यात होतंच हो, रानात पोचलं ते ह्या तक्त्यामुळं.

1 एप्रिल 1964. गव्हर्नरचा राजवाडा, बाहेर सैनिक. देशात लष्करानं सत्ता घेतलीय, आराइसना सांगितलं राजीनामा द्या नि मोकळे व्हा. दिला नाही. त्याच दिवशी अटक.

हे फर्नांदो दे नोरोन्या बेट, आता इथं टुरिस्ट डॉल्फिन बघायला येतात, तेव्हा आराइस इथं कैदेत होते. 1965 ला सुटले आणि आश्रयाला अल्जीरियात गेले, 14 वर्षं. मागं राहिलेल्या युनियनवाल्यांना तुरुंग आणि मार मिळाला.

1979, राजकीय कैद्यांना आणि देशाबाहेर गेलेल्यांना माफी, आराइस रेसिफेत परत. ही गर्दी बघा, इथं मी बोलत नाही.

1986 आणि 1994, दोनदा परत गव्हर्नर. उसाचा हंगाम नसताना मजुरांना काम देणारी योजना त्यांचीच, नाव काय तर ‘गवताची टोपी’, ह्या बाईच्या डोक्यावर आहे ना, तीच. खेड्यापाड्यात वीज नेली. शेवटच्या टर्मला सरकारी बाँडचा घोटाळा गाजला, 1998 ला हरले.

13 ऑगस्ट 2005 ला गेले. नातू एदुआर्दो काम्पोस, तोही गव्हर्नर झालेला, 2014 ला राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रचारात असताना विमान कोसळून गेला, तारीख तीच, 13 ऑगस्ट. आणि हा एदुआर्दोचा पोरगा जोआओ, 2020 ला रेसिफेचा महापौर म्हणून निवडून आला, पणजोबा बसले होते त्याच खुर्चीवर.