पहिल्या लेव्हलपासून कॅम्पेन सुरू करताना

मित्रहो, ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’सारख्या, टेबलाभोवती बसून फासे टाकत पात्रे रंगवायच्या खेळात नवी फँटसी कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकांत चालणारी साहसकथा, सुरू करायची ठरली की टेबलावरचा पहिला आग्रह बहुधा एकच असतो: पहिली लेव्हल, म्हणजे पात्राच्या ताकदीची पहिली पायरी, कंटाळवाणी असते, पात्रे पटापट मरतात, तेव्हा सरळ तिसऱ्या किंवा पाचव्या लेव्हलपासून सुरुवात करू या. डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, हा आग्रह लगेच मान्य करू नये, असे माझे ठाम मत आहे. त्याचबरोबर हेही मान्य केले पाहिजे की दुबळ्या पात्रांच्या कॅम्पेन पुष्कळदा फसतात. त्या फसतात तेव्हा दोष आकड्यांचा क्वचितच असतो. बहुतेक वेळा डीएमने खेळाडूंपासून माहिती लपवून ठेवलेली असते. बलाढ्य पात्राला त्याचे हिट पॉइंट, म्हणजे घाव सोसण्याची ताकद, वाचवतात, पण दुबळ्या पात्राला वाचवते ती पुढे काय वाढून ठेवले आहे याची आगाऊ कल्पना, आणि ती कल्पना देणे सर्वस्वी डीएमच्या हातात असते.

दुबळेपणा म्हणजे नेमका किती, हे आधी पाहू. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ मध्ये बाजारात आला, आणि टॉम मोल्ड्वे यांनी संपादित केलेला त्याचा ‘बेसिक’ संच १९८१ मध्ये. या १९८१च्या नियमांत पहिल्या लेव्हलच्या फायटरचे (लढवय्याचे) हिट पॉइंट आठ बाजूंच्या फाशाने ठरतात, जादूगाराचे चार बाजूंच्या. हिट पॉइंट शून्यावर आले की पात्र मेले. त्यात दुसरी संधी नाही. समोरच्या ऑर्क नावाच्या राक्षसाचा घाव सहा बाजूंच्या फाशाचा धरला आणि शरीरयष्टीचा फायदा-तोटा बाजूला ठेवला, तर एकाच घावात जादूगार मरण्याची शक्यता ७५ टक्के येते आणि फायटर मरण्याची जवळजवळ ४४ टक्के. जादूगाराकडे दिवसाला एकच स्पेल (मंत्र) असतो, आणि पहिल्या लेव्हलच्या धर्मगुरूकडे तर एकही नसतो.

हे आकडे ऐकून कोणालाही वाटेल की असा खेळ खेळण्याजोगा नाही. पण त्याच पुस्तकातले बाकीचे नियम शेजारी ठेवून वाचले की चित्र पालटते. त्या नियमांत ऑर्क मारल्याबद्दल सगळे मिळून १० एक्सपी, म्हणजे लेव्हल वाढवणारे अनुभवाचे गुण, मिळतात, तर फायटरला दुसऱ्या लेव्हलसाठी २,००० लागतात. म्हणजे मारामारी करून वर चढायचे म्हटले तर एकट्याने दोनशे ऑर्क मारावे लागतील. याउलट खजिन्यातून सुखरूप बाहेर आणलेल्या प्रत्येक सोन्याच्या नाण्यामागे १ एक्सपी आहे. त्यामुळे लढाई टाळून नाणी बाहेर काढणारा गट शहाणा ठरतो, आणि ही गोष्ट खेळाडूंना उपदेश करून सांगावी लागत नाही, हिशेबच ती सांगतो.

तेच भेटीगाठींचे. समोर एखादा प्राणी आला आणि त्याचे वागणे आधीच ठरलेले नसेल, तर डीएम दोन फासे टाकून त्याची वृत्ती ठरवतो. दोन्ही फाशांवर एक पडला तरच तो तत्काळ तुटून पडतो, आणि ही शक्यता ३६ मध्ये एक एवढीच आहे. मधल्या बऱ्याच निकालांत तो बिचकतो, गुरगुरतो, वाट पाहतो. तेवढ्यात बोलायला, लाच द्यायला किंवा मागच्या पावली परतायला वाव मिळतो. लढाई जुंपलीच तरी शत्रूच्या हिमतीचीही परीक्षा होते. पहिला साथीदार पडला की गॉब्लिन, म्हणजे खुजे दुष्ट प्राणी, पळून जाण्याची शक्यता चाळीस टक्क्यांच्या वर असते. आजच्या काळात दुबळ्या पात्रांची कॅम्पेन चालवणारे अनेक डीएम कमी हिट पॉइंट तेवढे उचलतात आणि वृत्तीचे व हिमतीचे हे फासे गाळून टाकतात. मग प्रत्येक गॉब्लिन शेवटच्या श्वासापर्यंत लढतो, आणि खेळाडू म्हणतात की पहिली लेव्हल अन्यायकारक आहे. अशा टेबलावर त्यांचे म्हणणे खरेच असते. तुम्ही कोणतेही नियम वापरत असलात तरी ही दोन साधने त्यांत घालून घ्या. त्याला दोन फाशांपलीकडे काहीही लागत नाही.

आता खरेदीकडे वळतो, कारण माझ्या मते कॅम्पेनची खरी सुरुवात तिथे होते. १९८१च्या संचात तीन फाशांची बेरीज गुणिले दहा एवढी नाणी प्रत्येकाला मिळतात. समजा एका फायटरला ६० मिळाली. साखळ्यांचे चिलखत ४०, ढाल १०, तलवार १०. झाली साठ, आणि मशालीला पैसे उरले नाहीत. सहा मशाली एका नाण्याला मिळतात, एक मशाल तासभर जळते, आणि अंधारात तलवारीचा काही उपयोग नाही. तेव्हा तो ढाल सोडतो, किंवा तलवारीऐवजी स्वस्त हत्यार घेतो, किंवा सोबत्याकडे उसने मागतो. तिसरा पर्याय निवडला तर एकही शत्रू न भेटता दोन पात्रांमध्ये एक देणे निर्माण झाले. पाचव्या लेव्हलच्या पात्राला हा प्रसंग येतच नाही. त्याच्या यादीत मशाल असते आणि ती कोणाच्या लक्षातही राहत नाही. दुबळ्या पात्रांच्या जगात प्रत्येक वस्तूला किंमत असते, आणि जगाला किंमत आली की त्या जगातल्या माणसांशी बोलावेसे वाटते. म्हणून खरेदी घाईने उरकू नका. दुकानदाराला नाव द्या, त्याच्याकडे काय शिल्लक नाही ते ठरवा, आणि तो कोणाला उधार देत नाही आणि का देत नाही, एवढे लिहून ठेवा.

माहिती द्यायची म्हणजे नेमके काय करायचे, याचे उत्तम उदाहरण ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४च्या स्टार्टर सेटमधल्या (नवख्यांसाठीच्या संचातल्या) ‘लॉस्ट माइन ऑफ फँडेल्व्हर’ या साहसात आहे. पात्रे पहिल्या लेव्हलची आहेत. नेव्हरविंटर शहरातून फँडालिन गावी सामानाची बैलगाडी पोचवायची, मोबदला प्रत्येकी १० सोन्याची नाणी. कामाचा हा आकारच किती योग्य आहे पाहा. जग वाचवायचे नाही, गाडी पोचवायची आहे. वाटेत दोन घोडे मरून पडलेले दिसतात. त्यांच्या अंगात काळ्या पिसांचे बाण रुतलेले आहेत, खोगिराच्या पिशव्या लुटलेल्या आहेत, आणि शेजारी नकाशा ठेवायची कातडी नळी रिकामी पडली आहे. दोन्ही बाजूंच्या झाडीत चार गॉब्लिन दबा धरून बसले आहेत. या नियमांत गॉब्लिनच्या बाणाचे नुकसान ३ ते ८ असते आणि पहिल्या लेव्हलच्या जादूगाराचे हिट पॉइंट साधारण आठ, म्हणजे जोरदार बसलेला एकच बाण त्याला आडवा करू शकतो.

हा प्रसंग जीवघेणा म्हणून बदनाम आहे. माझ्या समजुतीप्रमाणे तो जीवघेणा ठरतो तो डीएम मेलेले घोडे एका वाक्यात उरकून लगेच फासे मागतो तेव्हा. घोड्यांपाशी थांबा. रक्त वाळले आहे का, बाण कोणत्या दिशेने आले, झाडी रस्त्याच्या किती जवळ आहे, हे विचारले तर सांगा, आणि कोणी विचारले नाही तरी त्यातले निम्मे आपणहून सांगा. गाडी मागेच उभी करून एकाला झाडीतून पुढे पाठवण्याची कल्पना खेळाडूंना सुचली, तर ती तुमच्या तयारीवर मात नव्हे. तीच तुम्हाला हवी होती. याच साहसात आणखी एक शहाणी सोय आहे: पात्रे हरली तर गॉब्लिन त्यांना बेशुद्ध सोडून, लुटून निघून जातात. पराभवाचा अर्थ मृत्यूच असला पाहिजे असे नाही. कर्ज, कैद, चोरीला गेलेली वडिलांची तलवार, या सगळ्यांतून पुढचे सेशन, म्हणजे खेळाची पुढची बैठक, उभे राहते, आणि डीएमने प्रत्येक लढाईआधी शत्रूला नेमके काय हवे आहे हे ठरवून ठेवले तर असे पराभव आपोआप सुचतात.

पात्रांच्या पूर्वकथेबद्दल थोडक्यात सांगतो. पहिल्या लेव्हलच्या पात्राने तीन राज्ये जिंकलेली असू शकत नाहीत. खेळाडू हौसेने पाच पाने लिहून आणतो आणि तिसऱ्या फाशाला ते पात्र उंदराच्या चाव्याने कोसळते, तेव्हा तो दुखावतो, आणि त्याचे दुखावणे रास्त आहे. म्हणून पहिल्या फाशाआधीच्या बैठकीत सगळ्यांसमोर स्पष्ट बोला: या कॅम्पेनमध्ये पात्र मरू शकते का, मेले तर नवे पात्र कधी येईल, ते कोणत्या लेव्हलचे असेल. पूर्वकथा तीन-चार वाक्यांची मागा, आणि त्यांतले एक वाक्य गावातल्या एखाद्या जिवंत माणसाबद्दल असू द्या.

ज्यांना याहूनही खाली उतरायचे असेल त्यांच्यासाठी २०१२ मध्ये आलेल्या ‘डंजन क्रॉल क्लासिक्स’ या दुसऱ्या खेळाने वेगळी वाट काढली आहे. तिथे प्रत्येक खेळाडू शून्य लेव्हलची दोन ते चार पात्रे एकदम चालवतो. प्रत्येकाचे हिट पॉइंट चार बाजूंच्या फाशाने ठरतात आणि धंदाही फाशानेच, म्हणजे कोणी मधमाश्या पाळणारा निघतो आणि त्याच्याकडे एक काठी व मधाची बरणी असते. पहिल्या साहसातून जे जगून बाहेर पडतात ते पहिल्या लेव्हलचे वीर होतात. मला ही पद्धत मनापासून आवडते, कारण इथे पूर्वकथा आधी लिहिलेली नसते, टेबलावर सगळ्यांच्या देखत घडते. त्या मधाच्या बरणीने कोणी अस्वलाला गुंगवले, तर तो प्रसंग पुढे कित्येक सेशन आठवला जातो. मात्र पात्रावर पहिल्या क्षणापासून जीव लावणाऱ्या खेळाडूंना ती रुचत नाही, आणि अशा गटावर ती लादू नये.

राहिला वेगाचा प्रश्न. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४च्या डीएमसाठीच्या पुस्तकात असे सुचवले आहे की सेशनच्या हिशेबाने लेव्हल द्यायची असेल तर पहिल्या सेशननंतर दुसरी आणि आणखी एका सेशननंतर तिसरी द्यावी. मला हा वेग फार वाटतो. गावातल्या दुकानदाराचे नाव पाठ होण्याआधीच ते गाव पात्रांना पुरेनासे होते. निदान पहिली पाच-सहा सेशन त्यांना पहिल्या दोन लेव्हलमध्ये राहू द्या, आणि तेवढ्या काळात ताकद आकड्यांतून न देता जगातून द्या: भाड्याने येणारा एक मशालवाला, गिरणीवाल्याने दिलेली रात्रीची जागा, जुन्या थडग्याची अर्धवट खरी माहिती, एखादे गाढव. जादूची तलवार आली तर एकच येऊ द्या, आणि ती कोणी वापरायची हे पात्रांना आपसांत ठरवू द्या.