काटेरी उंदराचं गोत्र

(दृश्य: रात्र. दगडाच्या कपारीत एक उंदीर. पाठीवरचे केस राठ आणि टोकदार.)

हा कैरोचा काटेरी उंदीर. शास्त्रीय नाव अकोमिस काहिरिनस. काहिरा म्हणजे कैरो, ते नावातच आलंय. पाठीवर उलटा हात फिरवला तर केस बोटांना टोचतात. बाकी चेहरामोहरा आपल्या घरातल्या उंदराचाच. टोकदार नाक, मोठे कान, लांब शेपटी. आणि दाढाही तशाच.

(दृश्य: भिंगाखाली वरच्या जबड्यातली पहिली दाढ.)

तांदळाच्या कणीएवढी ही दाढ. हिच्यावर उंचवट्यांच्या आडव्या ओळी आहेत आणि एकेका ओळीत तीन-तीन उंचवटे. घरातला उंदीर घ्या, नाहीतर जहाजांतून जगभर पसरलेला काळा उंदीर घ्या, ठेवण हीच. जर्बिल म्हणजे कोरड्या, वाळवंटी भागातले उंदरासारखे प्राणी. आफ्रिकेतल्या जर्बिलांच्या दाढांवर मात्र असे तीन उंचवटे दिसत नाहीत, नुसते आडवे पट्टे दिसतात. त्यामुळे काटेरी उंदराला खऱ्या उंदरांच्या कुळात बसवताना फारशी कुणाला शंका आली नाही.

दाढेवर एवढा विश्वास का, तर तीच टिकते. गुहेतल्या मातीत, लाखो वर्षांच्या थरांत हाडांचा भुगा होतो आणि दाढ शाबूत राहते. आपल्याकडे चिचुंद्रीला उंदीर समजून मारतात. तिचा जबडा एकदा उघडून पाहिला तर ती उंदरांच्या जातीची नाहीच, हे लगेच कळतं.

(दृश्य: प्रयोगशाळा. परीक्षानळ्या, गरम पाण्याची टाकी.)

1993 साली संशोधक पास्काल शेव्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या उंदराचा डीएनए तपासला. डीएनएचे दोन धागे तापवले की सुटे होतात. मग एका प्राण्याचा धागा दुसऱ्या प्राण्याच्या धाग्याशी जुळू द्यायचा आणि ती जोडी पुन्हा तापवायची. नातं जवळचं असेल तर जोडी सुटायला जास्त उष्णता लागते. काटेरी उंदराची जोडी जर्बिलांशी अधिक घट्ट बसली, घरच्या उंदराशी कमी.

पुढच्या काही वर्षांत आणखी तीन आफ्रिकी उंदीर त्याचे सख्खे ठरले: लोफुरोमिस, युरॅनोमिस आणि काँगोच्या जंगलातला, किडेमुंग्या खाणारा डिओमिस. या चौघांच्या उपकुळाला आज डिओमायिनी म्हणतात.

म्हणजे तीन उंचवट्यांची दाढ एकदा नव्हे, दोनदा घडली. खऱ्या उंदरांमध्ये ती कशी घडू लागली, हे पाकिस्तानातल्या पोटवार पठारावर सापडलेल्या, सुमारे 1.4 कोटी वर्षांपूर्वीच्या अँटेमस या नामशेष उंदराच्या दाढांवर दिसतं. काटेरी उंदराच्या पूर्वजांनी तीच रचना स्वतंत्रपणे गाठली.

(दृश्य: डोळे उघडे असलेलं, अंगभर केस असलेलं पिल्लू.)

खरं तर पिल्लं पाहूनच थबकायला हवं होतं. घरची उंदरीण तीन आठवड्यांत विते, तिची पिल्लं उघडीबोडकी आणि आंधळी. ही काटेरी माय पाच आठवड्यांहून जास्त पोटुशी असते आणि पिल्लू जन्मल्यावर लवकरच धावू लागतं. शिवाय या उंदराची फाटलेली कातडी केसांसकट नव्यानं भरून येते, हे 2012 साली केनियातल्या जातींवर सिद्ध झालं. जखमा भरण्याचं गूढ उलगडायचं तर त्याची तुलना कुठल्या नातेवाइकाशी करायची, हे आधी ठाऊक हवं. म्हणून मला हा गोत्राचा प्रश्न फार मोलाचा वाटतो.

(दृश्य: सीटी स्कॅन. शेपटीत एकाला एक लागून हाडांचे तुकडे उजळतात.)

2023 मध्ये या गोत्राची अजून एक साक्ष मिळाली. काटेरी उंदराच्या शेपटीच्या कातडीत हाडांच्या छोट्या चकत्या दिसल्या, आर्माडिलो या अमेरिकी प्राण्याच्या चिलखतासारख्या. मग उपकुळातल्या उरलेल्या तिघांच्या शेपट्या तपासल्या. तिघांतही त्या निघाल्या.

(दृश्य: संग्रहालयातला लाकडी खण. कापूस भरलेले उंदीर ओळीनं ठेवलेले. एकेकाच्या पायाला चिठ्ठी, चिठ्ठीवर शाईनं लिहिलेली शेपटीची लांबी.)