मेंढपाळाच्या वेषातला रेम्ब्रांट

श्रोतेहो, नमस्कार. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये सुमारे 75 सेंटिमीटर उंच आणि 64 रुंद असं एक चित्र आहे. डोक्यावर पानांची माळ, अंगावर सैल वस्त्र, हातांत बासरी आणि काठी. चेहरा सतराव्या शतकातल्या डच चित्रकार रेम्ब्रांटचा, पण कुंचला त्याचा नाही. लक्षात ठेवा, कुंचला त्याचा नाही. 1636 च्या सुमारास हे चित्र रंगवलं त्याच्या शागिर्दानं, गोव्हर्ट फ्लिंकनं.

मेंढपाळच का? डच नाटककार पीटर हूफ्टचं ‘ग्रानिडा’ हे नाटक 1605 सालचं. त्यात राजकन्या मेंढपाळाच्या प्रेमात पडते. त्यानंतर हॉलंडच्या चित्रांत मेंढपाळांची रांगच लागली. शिवाय लेसची कॉलर दहा वर्षांत जुनी दिसते, हा वेष जुना होत नाही. अशा चित्रांत काठीचं टोक जरूर पाहा. खऱ्या मेंढपाळाच्या काठीला तिथे छोटं लोखंडी फावडं असतं. भरकटलेल्या मेंढीच्या बाजूला मातीचं ढेकूळ भिरकवायला ते लागतं.

रेम्ब्रांटकडे शिकणारे त्याची एक युक्ती उचलत. केसांच्या बटा काढायच्या तर रंग ओला असतानाच कुंचल्याच्या दांड्याच्या टोकानं ओरखडायचं, म्हणजे खालचा थर उघडा पडतो. रंग फार पातळ असेल तर ओरखडा पुन्हा मिटतो, वर साय धरली असेल तर रंग फाटतो. मोबाइलवर हे काही दिसत नाही. चित्र मोबाइलवर पाहून मत देणाऱ्यांचं मला फार वाईट वाटतं.

फ्लिंकनं गुरूची पद्धत इतकी आत्मसात केली, की त्याची काही चित्रं रेम्ब्रांटची म्हणून विकली गेली, असं चरित्रकार हाउब्राकेन सांगतो. पुढे लोकांची आवड बदलली, तशी फ्लिंकनं ती पद्धत सोडली आणि तो शहराचा लाडका चित्रकार झाला. 1659 साली ॲमस्टरडॅमच्या नव्या नगरभवनासाठी त्याला 12 चित्रांचं काम मिळालं. वर्षाला दोन चित्रं, प्रत्येकी 1,000 गिल्डर, म्हणजे तेव्हाचं डच चलन. तेव्हा गुरूची अवस्था काय होती? रेम्ब्रांटचं 1656 मध्येच दिवाळं निघालं होतं.

पण फेब्रुवारी 1660 मध्ये फ्लिंक वारला, वय 45. काम वाटलं गेलं आणि एक चित्र रेम्ब्रांटच्या वाट्याला आलं: रोमनांविरुद्ध उठलेल्या बटाव्हियन या प्राचीन जमातीचा बंडखोर पुढारी क्लॉडियस सिव्हिलिस रात्री शपथ घेतो तो प्रसंग. चित्र साडेपाच मीटरच्या आसपास उंच. ते भिंतीवर लागलं आणि 1662 मध्ये उतरवलंही गेलं. मग त्या जागी काय लावलं? फ्लिंकचाच जुना आराखडा! युर्गेन ओव्हेन्सनं तो पुरा केला, त्याला मिळाले 48 गिल्डर. गुरूच्या चित्राच्या जागी, मेलेल्या शागिर्दाचा आराखडा.

रेम्ब्रांटचं ते चित्र कापून लहान करण्यात आलं. उरलेला तुकडा सुमारे 196 बाय 309 सेंटिमीटर आहे, स्टॉकहोमच्या राष्ट्रीय संग्रहालयात. माझ्या मते नगरभवनासाठी झालेल्या सगळ्या चित्रांत सर्वांत मोठं काम तेच.